ब्रेकमास्तरांची रेसची गाडी

मास्तरांच्या तोंडात तेव्हा एक नळी, एक आरसा आणि कापसाचे तीन बोळे होते, म्हणून त्यांना उत्तर देता आलं नाही. नाहीतर सगळं तिथेच मिटलं असतं.

"तुम्हाला सांगतो मास्तर," दाताचे डॉक्टर ड्रिल चालवत म्हणाले, "वळणात शिरताना ब्रेक हळूच सोडत न्यायचा असतो. मग गाडी आपणहून नाक आत घालते. ही मजा ट्रॅकवर गेल्याशिवाय नाही कळायची. तुमचं ते साधं ड्रायव्हिंग वेगळं. दुखतंय?"

"ऑं," मास्तर म्हणाले.

"नाही ना? छान."

दुखत होतं, पण दाढ नव्हे. ह्याच माणसाला सहा वर्षांपूर्वी मास्तरांनी गाडी शिकवली होती. साधारण बुद्धीच्या माणसाला वीस धडे पुरतात, डॉक्टरांना त्रेचाळीस लागले होते. मागे घेताना त्यांनी एकदा बागेतल्या कारंज्यात चाक घातलं होतं आणि वर विचारलं होतं की हे कारंजं आधीपासून इथेच होतं का. आणि आज तोच गृहस्थ दर रविवारी हेल्मेट चढवून हौशी लोकांच्या रेसमध्ये उतरत होता, आणि सोमवार ते शनिवार, पळून जाऊ न शकणाऱ्या पेशंटना त्याबद्दल सांगत होता.

मास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते. खाली ऑफिस, वर घर, मागे अंगण. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर किती चपळाईने पडतो, हे मात्र शिकणाऱ्यांनाच ठाऊक. रस्ता ओलांडावा की नाही असा विचार मांजर करत असतानाच गाडी थांबलेली असायची. त्यामुळे लोक त्यांना ब्रेकमास्तर म्हणत, आणि बावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने कुणाला साधं खरचटवलंसुद्धा नव्हतं, याचा त्यांना रास्त अभिमान होता.

त्या दिवशी ते घरी आले आणि जिना चढता चढताच बायकोला म्हणाले, "मी रेफची गाडी बनवणार आहे."

"कसली?"

"रेफची! रेफ!"

"आधी भूल उतरू द्या," बायको म्हणाली, "मग बोला."

भूल दोन तासांनी उतरली. रेस उतरली नाही.

बायकोने फारसा विरोध केला नाही. ऑफिस ती सांभाळायची. फॉर्म, फोटो, फोन, तारखा आणि रडणारे विद्यार्थी ही पाचही खाती तिची. नवरा पन्नाशीला आला की काहीतरी होणार हे तिने धरलेलंच होतं. कुणी बासरी शिकायला लागतो, कुणी पहाटे गार पाण्याने अंघोळ करून तिचं कौतुक इतरांना सांगत फिरतो. त्यापेक्षा गाडी बरी, निदान ती अंगणात राहते.

चूक झाली ती एवढीच, की तिने ही बातमी आपल्या धाकट्या भावाला सांगितली.

हा मेहुणा गाद्यांच्या दुकानात विक्रेता होता. लोकांना झोपवायचा धंदा, पण डोक्यात सदैव वारा. त्याच्याजवळ गाडी नव्हती, लायसन्स दोन वर्षांपूर्वी संपलं होतं, पण रेसच्या गाड्यांवरचे व्हिडिओ त्याने इतके पाहिले होते की त्या विषयात त्याला न कळणारं काही उरलंच नव्हतं. तो संध्याकाळी एक तक्ता घेऊन आला. तक्त्यात सतरा रकाने होते.

"भाऊजी, पहिली गोष्ट, रस्त्यावरची गाडी आणि ट्रॅकची गाडी एकच ठेवायची नाही. ती ना घर की ना घाट की होते. गाडी वेगळी, फक्त ट्रॅकसाठी. दुसरी गोष्ट, वजन. वजन म्हणजे शत्रू." असं म्हणून त्याने बहिणीने पुढे ठेवलेली बशी रिकामी केली.

मग गाडी निवडायचं पर्व सुरू झालं, ते चार महिने चाललं. डॉक्टरांचं म्हणणं, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जाणारीच गाडी हवी, बाकी सगळ्या भाजी आणायच्या गाड्या. डॉक्टरांच्या क्लबातल्या एकाचं म्हणणं, नवशिक्याने पुढच्याच चाकांची घ्यावी, नाहीतर तो पहिल्याच वळणावर आलेल्या दिशेला तोंड करून उभा राहतो. तिसरा म्हणाला, इंजिन मोठं घ्या. चौथा म्हणाला, इंजिन लहान घ्या आणि काळीज मोठं ठेवा. सल्ला देणारी दहा माणसं होती आणि मतं अकरा, कारण मेहुण्याचं मत दुपारी जेवल्यावर बदलायचं.

ते दोघं गाड्या बघायला जायचे तेसुद्धा धड्यांच्या वेळेत. म्हणजे विद्यार्थी गाडी चालवतोय, शेजारी मास्तर, मागे मेहुणा तक्ता मांडीवर घेऊन. मास्तरांच्या घरची सगळी कामं तशीही बावीस वर्षं अशीच होत आली होती. "उजवीकडे घ्या, हां, आता त्या दुकानापुढे पार्किंगचा सराव," असं म्हणून बायकोला उतरवायचं, आणि तिची पिशवी भरेपर्यंत विद्यार्थ्याला पुढे-मागे करायला लावायचं. त्या चार महिन्यांत एका होमिओपॅथीच्या विद्यार्थिनीचा लांब पल्ल्याचा सराव इतका झाला, की ती परीक्षेला गेली तेव्हा परीक्षकालाच तिने जवळचा रस्ता दाखवला.

पहिली गाडी उघड्या टपाची, दोन सीटची होती. मालक शपथेवर सांगत होता की पावसाचा थेंब आत येत नाही. सीटखालच्या गालिच्यावर पांढऱ्याशुभ्र भूछत्रांची वसाहत होती.

"भूछत्रं धरूनसुद्धा हलकी आहे," मेहुणा तक्त्यात बघून म्हणाला.

दुसरी गाडी चालूच होती. ते पोचायच्या आधीपासून चालू होती, ते निघाले तेव्हाही चालू होती. मास्तर म्हणाले, जरा बंद करून पुन्हा सुरू करून दाखवा. त्यावर मालक म्हणाला, "कशाला? चाललीये ना छान?"

तिसरी मात्र खरोखरच रेससाठी बनवलेली होती. तिच्या मालकाने नऊ वर्षं खपून ती बनवली होती. आत बोटाचा ठसा सापडायचा नाही. त्याने त्यांना चहा दिला, एकेका बोल्टचा इतिहास सांगितला, फोटोंचा अल्बम दाखवला. अखेर मास्तरांनी भीतभीत विचारलं, "मग, विकायचीये ना?"

"विकायचीच आहे," मालक म्हणाला. मग त्याने बॉनेटवर हात ठेवला. "पण तुम्ही ती चालवणार तर नाही ना?"

गाडी एकदाही ट्रॅकवर गेली नव्हती. खराब होईल म्हणून.

घरी आल्यावर मास्तर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सोडून देतो. नाही मिळत आपल्याजोगी."

"मागे ती पांढरी पडलीये ना ताडपत्रीखाली," बायको रजिस्टरातून मान वर न काढता म्हणाली. "तिचं करा की काहीतरी. निदान मला वाळत घालायला दोरी बांधता येईल."

ती पांढरी म्हणजे स्कूलची पहिली गाडी. छोटी, चार दारांची, बसक्या नाकाची. पाच वर्षांपूर्वी तिला निवृत्त केलं होतं. मेहुण्याने तक्ता उघडला आणि मिटला. ही गाडी सतरापैकी एकाही रकान्यात बसत नव्हती.

तिला बघायला फोरमन आले. ते बस डेपोतून रिटायर झालेले, घरामागच्या शेडमध्ये ओळखीच्यांच्या गाड्या बघायचे. बोलणं कमी, पण बोलले की खिळा ठोकल्यासारखं. त्यांनी बॉनेट उघडलं, गाडीखाली सरपटत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

"क्लच किती वेळा बदललाय हिचा?" खालून आवाज आला.

"अकरा."

"गिअरबॉक्स?"

"दोनदा."

फोरमन बाहेर आले, हात पुसले. "मास्तर, जिने तीन हजार नवशिके सोसले, तिला रेस म्हणजे माहेरपण. हीच घ्या."

झालं, गाडी ठरली. डॉक्टरांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे मी ज्या गाडीवर शिकलो तीच?"

"तीच. कारंज्यातली."

फोरमनच्या शेडमध्ये गाडी सोलायला सुरुवात झाली. सीटा निघाल्या, गालिचे निघाले, दारांची अस्तरं निघाली. सीटांखाली एकोणीस केसांच्या पिना, सात पेनं, चष्म्याची एक काच, कुणाच्या तरी पोराचा दुधाचा दात आणि घडी घातलेला एक कागद सापडला. कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'क्लच दाबणे. श्वास घेणे. गिअर टाकणे. क्लच सोडणे. श्वास सोडणे.' मास्तरांनी अक्षर ओळखायचा प्रयत्न केला. तीन हजारांत ते कुणाचंही असू शकलं असतं.

वजनाचं खातं मेहुण्याने घेतलं. बहिणीच्या स्वयंपाकघरातला काटा शेडमध्ये गेला. हीटर गेला, रेडिओ गेला, मागच्या काचेचा पुसणारा गेला. मग काढण्यासारखं उरलं नाही, तेव्हा उरलेल्याला भोकं पडायला लागली. दाराच्या हँडलला भोकं, सीटच्या पट्टीला भोकं, गिअरच्या दांड्याला भोकं. रोज संध्याकाळी तो काट्यावर लोखंडाचा कीस मोजायचा आणि ग्रॅम जाहीर करायचा. एकदा फोरमन शेडमध्ये आले तर हा ब्रेकच्या पेडलाला ड्रिल लावून बसलेला.

"ते खाली ठेव," फोरमन म्हणाले.

"पण क्लबातले सगळे..."

"क्लबातल्यांनी काय विहिरीत उडी मारली तर तू बादली घेऊन जाशील? खाली ठेव."

एवढं करून मेहुण्याने वाचवलेलं वजन स्वतःच परत आणलं. त्याच्या गाद्यांच्या दुकानाने गाडीला पुरस्कृत करायचं कबूल केलं होतं. म्हणजे दिलं काहीच नाही, फक्त स्टिकर दिले, पण ते भरपूर दिले. दोन्ही बाजूंना, बॉनेटवर आणि डिकीवर निळ्या अक्षरांत झळकलं: 'गाढ झोप, हमखास!'

पिंजऱ्याचं काम मात्र अवघड होतं. गाडी उलटली तर आतला माणूस चेपू नये म्हणून रेसच्या गाडीत आतून जाड नळ्यांचा पिंजरा बसवावा लागतो. मेहुण्याच्या ओळखीचा एक वेल्डर होता, जिन्याचे कठडे बनवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने दोन दिवसांत पिंजरा बसवला. मजबूत होता. फक्त दोन्ही बाजूंना वेल होती, वेलीला पानं होती आणि मास्तरांच्या डोक्यामागे एक उमललेलं कमळ होतं.

"साधंच केलंय," वेल्डर संकोचून म्हणाला. "मोर करणार होतो, पण वजनाचं बोलला होतात."

क्लबाचे तपासनीस गाडी पास करायला आले. नियमांचं जाडजूड पुस्तक काखेत धरून ते खिडकीतून आत वाकले आणि तसेच राहिले. "हा पिंजरा आहे का गॅलरी?" त्यांनी विचारलं. कमळ कापावं लागलं, वेल सोलावी लागली, वेल्डर दोन दिवस बोलला नाही. पुस्तकाप्रमाणे नवा पिंजरा झाल्यावर तपासनीस पुन्हा आले. आता त्यांची नजर शेजारच्या सीटच्या जागी गेली. तिथे दुसरा ब्रेक तसाच होता. त्याचा बोल्ट गंजून असा बसला होता की फोरमननीसुद्धा हात टेकले होते.

तपासनिसांनी पुस्तक चाळलं. पुढून चाळलं, मागून चाळलं. "ब्रेक नसला तर काय करायचं ते आहे," ते नाइलाजाने म्हणाले. "दोन असले तर काय, ते कुठे लिहिलेलं नाही." आणि त्यांनी सही केली.

सरावाच्या दिवशी ट्रॅकवर गेल्यावर मास्तरांना पहिल्यांदा एक गोष्ट कळली, आणि ती कळायला बावीस वर्षं लागली होती. त्यांना गाडी चालवता येत नव्हती.

म्हणजे येत होती. पण बावीस वर्षं ते शेजारच्या सीटवर बसले होते. बाजारात जा, दवाखान्यात जा, लग्नाला जा, चाक दुसऱ्याच्या हातात आणि ह्यांचा पाय ब्रेकवर. त्यांनी गाडी चालवलीच नव्हती, त्यांनी ती थांबवली होती. आता चाक पुढ्यात आलं, सरळ मोकळा रस्ता आला, आणि वळण दोनशे मीटरवर असतानाच उजवा पाय ब्रेकवर जाऊन बसला. काही केल्या उठेना. मागून एक गाडी गेली, दुसरी गेली. ट्रॅकच्या कडेने झेंडा घेऊन चाललेला माणूस काही अंतर त्यांच्याबरोबर चालला आणि पुढे निघून गेला.

थांब्यावर आल्यावर डॉक्टर धावत आले. चेहऱ्यावर काळजी होती. आनंद दाबून धरला की तसाच दिसतो.

"होतं असं, होतं असं," ते म्हणाले. "मी बसतो तुमच्या शेजारी. सरावात चालतं."

म्हणून मेहुण्याने कुठूनतरी जुनी सीट आणून बसवली आणि डॉक्टर हेल्मेट घालून मास्तरांच्या शेजारी बसले. पहिलं वळण आलं.

"अजून नाही... अजून नाही... पाय काढा मास्तर, पाय काढा! घाबरू नका, गाडी आपलं ऐकते, आपण तिचं ऐकायचं!"

हे वाक्य मास्तरांचंच होतं. त्रेचाळीस धड्यांत त्यांनी ते डॉक्टरांना निदान दोनशे वेळा ऐकवलं होतं. मास्तरांना राग आला. रागाच्या भरात त्यांनी खरंच पाय काढला. गाडी सुसाट वळणाकडे निघाली, डॉक्टर किंचाळले, आणि पायाखाली सापडलेला ब्रेक त्यांनी दोन्ही पायांनी दाबला.

गाडी गर्रकन फिरली आणि गवतात, आलेल्या दिशेला तोंड करून उभी राहिली.

मास्तरांनी आधी हँडब्रेक ओढला. मग म्हणाले, "घाई केलीत तुम्ही."

"सॉरी, मास्तर," डॉक्टर म्हणाले. अगदी सहा वर्षांपूर्वीच्या आवाजात.

रेसच्या दिवशी बायको आली होती. ऑफिसला कुलूप लावून, डोक्याला रुमाल बांधून, घडीची खुर्ची घेऊन. चौदा गाड्या, आठ फेऱ्या. "आणि सर्वात शेवटी, क्रमांक सदतीस," भोंग्यातून निवेदक म्हणाला आणि दाराकडे बघून पुढचं वाचलं, "गाढ झोप, हमखास!" प्रेक्षक हसले. मेहुण्याने हात हलवून अभिवादन स्वीकारलं.

झेंडा पडला. पहिल्याच वळणावर दोन गाड्या एकमेकींना घासून वाळूत गेल्या. तिसऱ्या फेरीत क्लबातल्या एकाचं भोकं पाडून हलकं केलेलं ॲक्सिलरेटरचं पेडल तुटून त्याच्या बुटाखाली आलं आणि तो हात वर करून बाजूला थांबला. राहिल्या अकरा. मास्तर अकरावे होते. पण शांत होते. मागून कुणी जवळ आलं की ते इंडिकेटर द्यायचे आणि खिडकीतून हात काढून 'जा पुढे' अशी खूण करायचे. ट्रॅकच्या इतिहासात इंडिकेटर कुणी दिला नव्हता. झेंडेवाल्यांनी एकमेकांना फोन करून विचारलं की ह्याचा अर्थ काय.

आणि मग चौथ्या फेरीत, त्या लांब वळणावर, काय झालं कोण जाणे. मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं, शेजारी कुणी नव्हतं. मास्तरांनी ब्रेक दाबला, पण उशिरा, आणि वळणात शिरताना हळूच सोडत नेला. म्हाताऱ्या गाडीने अलगद नाक आत घातलं. वळण संपलं तेव्हा मास्तर मोठ्याने हसत होते, आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात आलं की दाताच्या डॉक्टरांनी सांगितलेलं शब्दन्‌ शब्द खरं होतं. त्या दिवशी सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच.

शेवटच्या सरळ रस्त्यावर पहिल्या क्रमांकाची निळी गाडी मागून आली. तिच्या आठ फेऱ्या संपत होत्या, मास्तरांच्या सहा. मास्तरांनी इंडिकेटर दिला, बाजूला झाले, हात काढला. बरोबर त्याच क्षणी, रेषेच्या जरा अलीकडे, क्लबाच्या फोटोग्राफरने बटण दाबलं.

डॉक्टर सहावे आले. मास्तर अकरावे. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. मास्तर घरी येऊन जेवले, झोपले आणि सकाळी साडेसहाच्या धड्याला हजर झाले. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता.

गुरुवारी ते धड्यावरून परतले तर ऑफिसच्या दर्शनी काचेत दाराएवढा फोटो लागला होता. मागे काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा हवेत, खाली शेवटची रेषा, आणि रेषेकडे झेपावणाऱ्या दोन गाड्या खांद्याला खांदा लावून. निळी आणि पांढरी. पांढरी वीतभर पुढे. खिडकीतून मास्तरांचा हात बाहेर, जणू विजयाने उंचावलेला.

"अगं, हे काय?" मास्तर हादरले. "लोकांना वाटेल मी पहिला आलो!"

"मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही," बायको म्हणाली.

"एक अक्षरच लिहिलेलं नाही!"

"तेच तर म्हणते."

त्या आठवड्यात सोळा जणांनी नावं घातली. पुढच्यात तेवीस. मास्तर प्रत्येकाला सांगायचे, "अहो, तसं नाही, तो दोन फेऱ्या पुढे होता. मी त्याला वाट देत होतो." लोक एकमेकांकडे बघून माना डोलवायचे. बघा, एवढा मोठा माणूस आणि केवढा विनय! मास्तर जितकं जास्त नाकारत, तितका त्यांचा मान वाढत गेला. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, "मास्तर, आता पुरे. जिंकलात तर जिंकलात, त्यात लाजायचं काय?" गाद्यांच्या दुकानाने तोच फोटो छापून खाली लिहिलं, 'जिंकणारे नीट झोपतात', आणि मेहुण्याला बढती मिळाली. डॉक्टर मात्र हैराण झाले. जो येईल तो खुर्चीत बसायच्या आधी विचारायचा, "तुमच्या मास्तरांनी तुम्हाला हरवलं म्हणे?" डॉक्टर खरा निकाल सांगायला जायचे आणि लोकांना वाटायचं, जळतोय बिचारा.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी सांगणं सोडून दिलं. आधी कंटाळ्याने सोडलं. मग कुणी अभिनंदन केलं की ते नुसतं हसायला लागले. महिन्याभराने एका समारंभात क्लबाच्या अध्यक्षांनी त्यांची ओळख "आपल्या ट्रॅकवरचं एक नाव" अशी करून दिली, तेव्हा मास्तरांनी उठून नमस्कारही केला. अध्यक्षांना निकाल पक्का माहीत होता, पण त्या फोटोमुळे क्लबात तीस नवे सभासद आले होते.

त्रास एकच झाला. येणारे विद्यार्थी बदलले. पूर्वीचे थरथरत यायचे, हे हातमोजे घालून यायला लागले. एकाने पहिल्याच दिवशी विचारलं की क्लच-बिच राहू दे, वेगाचे धडे कितव्या दिवसापासून? मास्तरांचा पाय दिवसभर ब्रेकवर इतका असायचा की रात्री पोटरीला तेल चोळावं लागायचं.

अशातच एका सकाळी एक बाई आल्या. साठीच्या अलीकडच्या, कॉलेजात ग्रंथपाल होत्या. आठ दिवसांपूर्वी नाव घालून गेल्या होत्या. दारातल्या फोटोसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, मग आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"मी नाव काढून घ्यायला आलेय," त्या मास्तरांना म्हणाल्या. "राग मानू नका. मला माहीत नव्हतं तुम्ही रेसवाले आहात ते. मला वेगाची फार भीती वाटते. मला फक्त बहिणीकडे जायचं असतं, सात किलोमीटर. ती एकटी असते आता."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती फोनवर कुणाला तरी तारीख देत होती. मास्तर उठले, बाईंना काचेपाशी घेऊन गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, मी शेवटचा आलोय."

"काय?"

"अकरांत अकरावा. ही निळी गाडी माझ्या दोन फेऱ्या पुढे होती. मी तिला वाट देत होतो. हात त्यासाठीच बाहेर काढलाय."

बाईंना ते पटलेलं दिसलं नाही. आजवर कुणालाच पटलं नव्हतं. मास्तरांनी फोटोतल्या पांढऱ्या गाडीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा पिवळा ठिपका दिसतो? इंडिकेटर आहे तो."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि काचेला नाक लागेपर्यंत वाकून तो ठिपका वाचला. "तुम्ही रेसमध्ये इंडिकेटर दिलात?"

"मागून कुणी येत असेल तर द्यायला नको का?"

बाई सरळ झाल्या. पर्समधून काढलेला नाव रद्द करण्याचा अर्ज त्यांनी चार घड्या घालून परत पर्समध्ये ठेवला. "मंगळवारी सकाळचा धडा मोकळा आहे का हो?"

"मंगळवारी नाही, गुरुवारी सात," बायको म्हणाली. तिचा फोन केव्हाच संपला होता. तिने रजिस्टर ओढलं, नाव लिहिलं आणि पेन तसंच हवेत धरून म्हणाली, "आणि बाई, ते इंडिकेटरचं बाहेर कुठे बोलू नका."

ग्रंथपाल बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. हे काम त्या पस्तीस वर्षं करत आल्या होत्या.